मार्चमध्ये पेरलेला झेंडू दसऱ्यापर्यंत का टिकत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरच्या बाजूला समुद्राजवळ घर, तांबडी माती. २०२४च्या दसऱ्याच्या तोरणातली सुकलेली फुलं चुरून तुम्ही गेल्या मार्चमध्ये अंगणाच्या कडेने बी टाकलंत, कारण सगळीकडे झेंडू हे ‘उबदार हवेतलं हंगामी फूल’ म्हणून सांगितलं जातं. रोपं बरी आली. मे महिन्याच्या मध्यावर फुलं लागली, पण बारकी, काही तर एकेरी पाकळीची. पाऊस सुरू झाल्यावर झाडं भराभर वाढून कमरेच्या वर गेली, वाऱ्याने आडवी झाली, खालची पानं काळी पडली आणि जुलै संपेपर्यंत निम्मी झाडं उभ्या उभ्या कोमेजली. गणपतीला फूल नाही, दसऱ्याला झाडच नाही. आता तुम्ही विचारताय की कुठलं औषध मारलं असतं तर तीच झाडं दसऱ्यापर्यंत टिकली असती, आणि यंदा परत मार्चमध्ये पेरायचं का. शिवाय २०२५च्या तोरणातल्या फुलांचं बी डब्यात ठेवलंय, ते वापरायचं का, हेही विचारलंय.

औषधाने ती वाचली नसती. मी रत्नागिरी तालुक्यात रोपवाटिका चालवतो आणि पावसाळ्यात माझ्याकडे हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात, बहुतेकांच्या हातात काळं पडलेलं एक पान असतं. पान बघून फारसं कळत नाही. झाड कधी पेरलं ते आधी विचारावं लागतं. झेंडू पेरल्यापासून वाळेपर्यंत साधारण चार-पाच महिन्यांचा असतो, जास्तीत जास्त सहा. मार्चचं झाड जुलैत म्हातारं झालेलं असतं. त्यात त्याने उन्हाळ्यात फुलं देऊन झालेली, आणि मग डोक्यावर कोकणचा पाऊस. रोग त्याला शेवटी गाठतो हे खरं, पण तो नसता तरी दसऱ्याला त्या झाडावर तोरणापुरती फुलं निघाली नसती. उन्हाळ्याचा झेंडू आणि दसऱ्याचा झेंडू ही आपल्याकडे दोन वेगळी पिकं आहेत. बी वेगळं, पेरायची वेळ वेगळी, वाफाही वेगळा.

‘थंडी संपली की लावा’ हा सल्ला मुळात थंड देशांतला. तिथे हिमाच्या माऱ्याने झेंडू मरतो, म्हणून वसंतात लावायचा आणि पुढचं हिम पडेपर्यंत फुलं घ्यायची. आपल्या किनाऱ्यावर हिम नाही. आपल्याकडचा हंगाम थंडीने नाही, जूनच्या पावसाने तुटतो. त्यामुळे मार्चमध्ये पेरलं की फुलं यायला मे उजाडतो आणि फुलांचा खरा भर सुरू होतो तोच पाऊस येतो. उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर बी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं. मग एप्रिल आणि मे असे पुरे दोन महिने हातात येतात. मे महिन्यात मुंबईची माणसं घरी येतात, लग्नं असतात, तेव्हा या फुलांना कामही असतं.

मी तुमची जागा पाहिलेली नाही, आणि काही गोष्टी जागेवरच ठरतात. तुमची तांबडी माती जांभ्याची आहे की किनाऱ्याकडची वाळूमिश्रित, याने खूप फरक पडतो. वाळूच्या आगरात पाणी थांबत नाही, तिथे पावसाळ्यात झेंडू पुष्कळ सुखी असतो, पण उन्हाळ्यात दिवसाआड पाणी पुरत नाही. जांभ्याच्या मातीत वरचा थर चांगला निचऱ्याचा वाटला तरी वीतभर खाली कातळ लागला की पाणी तिथेच तुंबतं. एक खड्डा खणून जुलैत बघा, तासाभरात पाणी उतरलं नाही तर तिथे जमिनीत झेंडू लावू नका. दुसरं म्हणजे अंगणाच्या कडेने लावलेली रोपं पागोळीखाली तर येत नव्हती ना? कौलांवरचं सगळं पाणी एका रेषेत पडतं आणि त्या रेषेतली रोपं आधी जातात. तिसरं, समुद्राचा वारा. पावसाळी खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, त्याला लोक रोग समजतात. गडग्याच्या किंवा घराच्या आडोशाला, पण ऊन मिळेल अशा जागी लावलं तर तेवढं नुकसान टळतं. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर मात्र आडोसा असूनही उपयोग नाही.

आता झाडं एवढी उंच का झाली, ते सांगतो, कारण पेरणीचं सगळं गणित यातून निघतं.

मोठा झेंडू, ज्याला पाकिटावर ‘आफ्रिकन’ लिहितात, तो दिवस लहान व्हायला लागले की लवकर फुलावर येतो. दिवस मोठे असले की आधी वाढतो आणि मग फुलतो. आपल्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. फरक फार नाही, पण झेंडूला कळतो. जूनमध्ये त्यात ढगांची भर पडते, उजेड कमी मिळतो, झाड उजेडाच्या शोधात लांब कांड्या काढत वर जातं. जमिनीत शेणखत किंवा युरिया भरपूर असेल तर मग विचारूच नका. अशी मऊ, पाणीदार, उंच झाडं एका वाऱ्यात आडवी होतात. ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची, आणि तिथेही तिचा मोठा मान नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, मृतांच्या सणाला असतो. म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्याच आगेमागे. दिवस लहान होत जाताना फुलणं हा तिचा स्वभावच आहे.

मखमली झेंडू, पाकिटावरचा ‘फ्रेंच’, याला दिवसाच्या लांबीचं एवढं पडलेलं नसतं. तो बुटका राहतो, पेरल्यापासून पन्नास-साठ दिवसांत फुलतो आणि त्याचं बारकं फूल पाऊस बरा सोसतो. मोठ्या झेंडूचा चेंडू पाणी धरून ठेवतो आणि आतून कुजतो. तेच मखमली कडक उन्हाळ्यात कंटाळतो, फुलं धरायचं थांबतो. भातात हळवं (लवकर तयार होणारं) आणि गरवं (उशिरा तयार होणारं) असतं आणि आपण जमीन बघून ठरवतो, तसं इथे हवा बघून ठरवायचं. उन्हाळ्याला मोठा झेंडू, गणपतीला मखमली, दसरा-दिवाळीला परत मोठा. लोक बहुधा उलट करतात. उन्हाळ्यात कुंडीत मखमली लावतात आणि ऐन आषाढात मोठ्या झेंडूची रोपं मागायला येतात.

पेरणी तारखेवर पाठ करू नका, सणावरून मागे मोजा. गेल्या वर्षी, २०२५मध्ये, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला. अठरा दिवस पुढे. गेल्या वर्षीच्या तारखेला पेरून बसलात तर फुलं सणाआधीच उतरणीला लागतील. मोठ्या झेंडूला बी टाकल्यापासून भर फुलं यायला, शेंडा खुडून, मी ८५ ते ९० दिवस धरतो. उगवायला पाचेक दिवस, रोप तयार व्हायला साधारण पंचवीस, बाकीचे लावणीनंतरचे. म्हणजे यंदाच्या दसऱ्यासाठी पेरणी जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला. मखमलीला ७० दिवस पुरतात, म्हणजे गणपतीसाठी जुलैचा पहिला आठवडा. दिवाळीसाठी वेगळं पेरायची गरज नाही. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, दसऱ्याची झाडं तोपर्यंत सहज चालतात, फक्त फुलं काढत राहायला हवीत. हे दिवस जातीप्रमाणे बदलतात. पुसा नारंगी आणि पुसा बसंती या जुन्या सरकारी जाती चांगल्या आहेत, पण त्यांना पेरल्यापासून फुलायलाच चार-साडेचार महिने लागतात. हिवाळ्यासाठी ठीक, दसऱ्याच्या घाईत त्यांच्या नादी लागू नका.

जुलैत बी पेरायचं तर ते पडवीत, उघड्यावर नाही. उथळ ट्रे किंवा जुनं पसरट भांडं घ्या, त्याला तळाला भोकं पाडा, कोकोपीट आणि चाळलेलं कुजलेलं शेणखत भरा, बी जेमतेम झाकेल एवढीच माती वर टाका. उगवून दोन पानं झाली की जिथे पाऊस लागणार नाही पण उजेड येईल अशा जागी, पारदर्शक प्लास्टिकखाली ठेवा. पडवीच्या अंधारात ठेवलेली रोपं दोऱ्यासारखी लांब होतात आणि लावताक्षणी मोडतात. पाणी रोज घालू नका, वरची माती फिकट दिसली की घाला. रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडायला लागली तर पाणी जास्त होतंय. तो ट्रे वाचवायचा प्रयत्न मी करत नाही, दुसरा पेरतो. म्हणूनच लागतं त्याच्या दीडपट बी टाकावं.

लावणीचा वाफा पावसाळ्यात गादीवाफाच हवा, निदान वीतभर उंच, आणि पाणी जायला दोन्ही बाजूंनी चर. सोपा उपाय हवा असेल तर भाताच्या बांधावर लावा. बांध उंच असतो, पाणी धरत नाही, वर ऊन-वारा मोकळा, आणि भात कापायला जाल तेव्हा दसऱ्याची फुलंही हाताशी. आमच्याकडे बरेच जण आता असंच करतात. दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवा, मोठ्या झेंडूला दोन फूट. पहिल्या महिन्यात जागा ओस दिसते आणि मध्ये अजून एक रोप लावायचा मोह होतो, तो आवरा. पानाला पान लागलं की आत वारा फिरत नाही आणि खालून काळं पडायला तिथूनच सुरुवात होते.

जांभ्याची माती आंबट असते, त्यात लोह भरपूर. मोठ्या झेंडूला आंबटपणा फार झाला तर पानांवर तपकिरी ठिपके उमटतात आणि पानं वाकडी होतात. चुलीची राख प्रत्येक खड्ड्यात मूठभर मिसळली तर पुष्कळ फरक पडतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, ताजं घातलं की वाळवी येते. मासळीचं खत किनाऱ्यावर सहज मिळतं आणि नारळाला ते उत्तम, पण झेंडूला त्याने पानांचा माज येतो. मी ते देत नाही. लावणीनंतर महिन्याने १५:१५:१५ हे मिश्र खत अर्धा चमचा, बुंध्यापासून चार बोटं लांब, आणि कळ्या दिसल्या की परत तेवढंच. एकदम जास्त दिलं तर पावसात वाहून जातं आणि जे उरतं त्याने झाड नुसतं वाढतं.

लावणीनंतर तीन आठवड्यांनी, झाडाला पाच-सहा पानांच्या जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जीव तुटतो, पण खुडा. बगलेतून फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि पसरट होतं, फुलं दुप्पट. याने फुलं आठ-दहा दिवस लांबतात, हे माझ्या ८५-९० दिवसांत धरलेलं आहे. पेरायला उशीर झाला असेल तर शेंडा राहू द्या, थोडी फुलं मिळतील पण सणाला मिळतील. मग बुंध्याला मातीची भर द्या. झेंडूच्या खोडाला मातीत गेलेल्या भागावर नवी मुळं फुटतात आणि झाड पक्कं उभं राहतं. पण ही भर महिन्याभराने, हळूहळू. ऐन पावसात रोपच खोल लावलं तर बुंधा कुजतो. मोठ्या झाडाला बांबूची एक कामटी पुरते.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा शत्रू माझ्या मते गोगलगाय आहे. एका रात्रीत वाफ्यातली कोवळी रोपं देठासकट खातात आणि सकाळी माणसाला वाटतं, गुरं शिरली. राखेची, चुन्याची रेघ पहिल्याच सरीत धुऊन जाते. रात्री बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. किंवा संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट टाकून त्याखाली पपईची साल ठेवा, सकाळी गोणपाट उचला, सगळ्या तिथे जमलेल्या असतात. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे हे केलं की पुढे रोपाचं खोड टणक होतं आणि धोका कमी होतो.

आता औषधाचं. झाड ओल्या जमिनीत असूनही दुपारी मान टाकतंय आणि सकाळी सावरत नाही, असं झालं की ते उपटून मुळं बघा. मुळं तपकिरी, बोटाने ओढली की साल निघून आत दोरा राहतो, तर मूळ कुजलंय. पानांवर काहीही फवारलं तरी ते पोचत नाही. झाड काढून टाका, चर खोल करा, शेजारच्या झाडांची माती मोकळी करा. वाफा तयार करताना शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर ओलसर ठेवलं असेल तर मर कमी राहते, नंतर टाकून फारसा उपयोग नाही. पानांवर गोल काळपट डाग पडून खालून वर चढत असतील तर तो करपा. त्याला खालची पानं काढून जाळणं आणि दोन सरींमधल्या उघडिपीत १ टक्क्याचं बोर्डो मिश्रण, एवढं बस. सुपारीच्या बागा असलेल्या घरात ते असतंच. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. फक्त फुलं लागायच्या आधी मारा, नाहीतर पाकळ्यांवर निळसर डाग राहतात आणि देवाला वाहायला लाज वाटते. सतत पाऊस असेल तर मारूच नका, पैसे नाल्यात जातात.

उन्हाळ्याच्या झेंडूचं सगळं याच्या उलट. वाफा उंच नको, जमिनीच्या पातळीला किंवा किंचित खोलगट. बुंध्याशी भाताचा पेंढा किंवा आंब्या-फणसाचा सुका पाला घाला. पाणी सकाळी आणि मुळाशी, पानांवर नाही. अपवाद एकच. पानं निस्तेज, राखट दिसायला लागली आणि मागच्या बाजूला बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी, आणि त्याला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुणं हाच पहिला उपाय. सकाळी, चार-पाच दिवस सलग. दुपारी एक ते चारच्या मध्ये पश्चिमेकडून सावली मिळाली तर फुलांचा आकार टिकतो. तुमची मे महिन्यातली फुलं बारकी होती त्यात ऊन आणि पाणी यांचा थोडा हात आहे, पण जास्त बियाण्याचा, त्याकडे शेवटी येतो. विहिरीचं पाणी एप्रिलअखेर तळाला जात असेल तर उन्हाळ्याचा वाफा लहानच ठेवा. दहा झाडं नीट वाढवलेली बरी.

आणि तीच झाडं पुढे न्यायची तुमची इच्छा अगदीच चुकीची नाही, तिला एक वाट आहे. मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, उन्हाळ्यातल्या सगळ्यात चांगल्या झाडाच्या कळी नसलेल्या बगलफांद्या घ्या. चार बोटं लांब, खालची पानं काढलेल्या. ओल्या वाळूत खोचून पडवीत उजेडात ठेवा. दहा-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. कलकत्ता झेंडू म्हणून जो विकतात तो असाच छाटांवर करतात. छाटाचं झाड बियाच्या झाडापेक्षा बुटकं राहतं, लवकर फुलतं, आणि फूल आईसारखंच येतं. दसऱ्याला ही झाडं लवकर उतरतील, पण गणपतीला कामाला येतील. मूळ झाडं मात्र पहिला मोठा पाऊस झाला की उपटा. ती ठेवली तर करपा आणि गोगलगायी दोन्ही पोसल्या जातात आणि तिथून नव्या रोपांवर येतात.

तुम्ही जाता जाता विचारलंय की वांगी-टोमॅटोमध्ये झेंडू लावला की सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे सूक्ष्म जंत, जातात का. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक असं द्रव्य सुटतं हे खरं आहे. पण दोन वांग्यांमध्ये एक झेंडू लावून काही होत नाही. पूर्ण वाफ्यात दाट झेंडू दोन-तीन महिने ठेवायचा आणि मग तिथे वांगी लावायची, तेव्हा फरक दिसतो. दिवाळीनंतर झेंडू काढून त्याच वाफ्यात हिवाळी वांगी लावलीत तर तुम्हाला हे आपोआप साधेल.

सगळ्यात सोपा हंगाम मात्र तुम्ही विचारलेलाच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरून नोव्हेंबरमध्ये भात निघालेल्या जागेत लावलेला झेंडू. पाऊस गेलेला, ओल अजून जमिनीत, दिवस लहान, गोगलगायी कमी. शिमग्यापर्यंत फुलं देतो. पहिल्यांदाच करणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं मला वाटतं. त्याने हात बसतो, मग जुलैतल्या पेरणीला सामोरं जा.

राहिला डब्यात ठेवलेल्या बियांचा प्रश्न, २०२५च्या तोरणातल्या. बाजारातली फुलं बहुतेक संकरित झाडांची असतात, त्यांच्या बियांपासून आलेली झाडं आईवर जात नाहीत. गेल्या वर्षीची एकेरी, बारकी फुलं मुख्यतः त्यामुळे. शिवाय तोरणाची फुलं कोवळी तोडलेली असतात, बी भरायच्या आधी. डब्यातल्या काड्या हातात घेऊन बघा. काळा भाग टणक आणि थोडा फुगीर असेल तर ते उगवेल, चपटा आणि पोकळ असेल तर फेकून द्या. जे चांगलं निघेल ते गडग्याच्या कडेला, जिथे कशीही फुलं चालतील तिथे टाका. दसऱ्याच्या वाफ्यासाठी यंदा पाकिटातलं बी आणा. एक ग्रॅममध्ये तीनेकशे बिया येतात, घरगुती बागेला छोटं पाकीट रगड होतं. मखमलीचं स्वतःचं बी धरायचं असेल तर ते चालतं, पण पाकीट संकरित नसेल तरच. मोठ्यात मोठं फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्या, डिसेंबरच्या कोरड्या हवेत तोडा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बियांना आपल्याकडे जूनमध्ये बुरशी येते.